"आधीचाच अल्बम भारी होता!": टेलर स्विफ्टच्या चाहत्यांचं भांडण नेमकं कशावरून?

3 ऑक्टोबर 2025 ला अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टचा बारावा अल्बम आला, 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल'. बारा गाणी, सगळी मिळून चाळीस-बेचाळीस मिनिटं. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याने खपाचा विक्रम मोडला आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या कितीतरी जुन्या, निष्ठावान चाहत्यांनी कपाळाला हात लावला. 'फोकलोर' लिहिणारी बाई ती हीच का, असा त्यांचा सवाल. समोरून लगेच उत्तर आलं: ती सुखात असलेली तुम्हाला बघवत नाही, जन्मभर रडगाणीच गायला हवीत का तिने?

स्विफ्टची गाणी फारशी न ऐकणाऱ्याला हा सगळा प्रकार चक्रावून टाकतो. अल्बम वाईट आहे तर एवढा विकत घेतंय कोण? चांगला आहे तर घरचीच माणसं का चिडली? आणि ज्या जुन्या अल्बमचे हे लोक आज गोडवे गातात, त्यातल्या काहींना ते आले तेव्हा याच लोकांनी नाकं मुरडली होती, त्याचं काय?

## आधी दोन शब्द समजून घेऊ

या चाहत्यांच्या बोलण्यात 'इरा' हा शब्द सारखा येतो. इरा म्हणजे एका अल्बमभोवतीचा अख्खा कालखंड: त्याचा रंग, कपडे, केशरचना, गाण्यांचा एकंदर आवाज आणि त्या वेळी गाजत असलेल्या भानगडीसुद्धा. स्विफ्टची सुरुवात 2006 मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातून झाली. 2014 च्या '1989' मध्ये ती उघडपणे पॉपमध्ये आली, 2017 चा 'रेप्युटेशन' काळाकुट्ट आणि दणदणाटी, तर 2020 चा 'फोकलोर' एकदम हळुवार, गोष्टी सांगणारा. तिच्या चाहत्यांमध्ये त्यामुळे बरेच पंथ आहेत. कोण कोणत्या इरामध्ये दाखल झालं, यावर अर्धं भांडण आधीच ठरलेलं असतं.

दुसरा शब्द प्रोड्यूसर. इथे प्रोड्यूसर म्हणजे पैसे लावणारा नव्हे. गाण्यात कोणतं वाद्य कुठे वाजेल, आवाज किती जवळचा वाटेल, ठेका कधी थांबेल, हे ठरवणारा माणूस तो. पुढे या माणसाचं काम पडणार आहे.

## जुनं गाणं शर्यतीत आधीच पुढे असतं

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. त्यासाठी ती गोष्ट चांगली असावीच लागते असं नाही. गाण्याच्या बाबतीत याचा जोर अंमळ जास्तच दिसतो. 2011 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांची स्वतःची, अंगावर काटा आणणारी गाणी ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. आनंदाशी जोडलेलं डोपामाइन हे रसायन त्या उत्कट क्षणी तर स्रवत होतंच, पण तो क्षण येण्याच्या आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात, त्याची हालचाल दिसली. आता येईल, आता येईल, ही वाट बघणं हाही सुखाचाच भाग.

नवं गाणं इथेच मार खातं. वाट बघायला पुढे काय येणार ते ठाऊक हवं ना! जुन्या घरात अंधारातही दिव्याचं बटण बरोबर हाताला लागतं. नव्या घरात पहिले काही दिवस आपण भिंती चाचपडत असतो. म्हणून नवं घर गैरसोयीचं ठरत नाही. पण पहिल्या रात्रीच कोणी मत विचारलं, तर आपण कुरकुरच करणार. पॉप अल्बमच्या बाबतीत मत विचारलं जातं ते नेमकं पहिल्या रात्री.

यात वयाची भर पडते. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. आपण साधारण 23-24 वर्षांचे असताना जी गाणी गाजत होती, तिथे पसंतीचं शिखर निघालं. आता हिशेब करा. 2008 मध्ये 'फिअरलेस' आला तेव्हा जी मुलगी पंधरा वर्षांची होती, ती 'शोगर्ल' आला तेव्हा 32 ची झालेली. पहिलं प्रेम, पहिला प्रेमभंग, घर सोडणं, हे सगळं तिच्या बाबतीत कुठल्या ना कुठल्या स्विफ्ट अल्बमला चिकटून बसलंय. नव्या अल्बमला चिकटायला अजून काही नाही.

## स्मृती चाळण लावते

जुना अल्बम आठवताना आपण अख्खा अल्बम आठवत नाही. त्यातली चार-पाच गाणी आठवतो, बाकीची कधीच गळून गेलेली असतात. नवा अल्बम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, भरतीच्या गाण्यांसकट, एका बैठकीत ऐकला जातो. एकाची निवडक गाणी आणि दुसऱ्याचा सगळाच्या सगळा माल, अशी ही तुलना.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 2019 चा 'लव्हर'. त्यातलं सगळ्यात आधी बाहेर आलेलं गाणं होतं 'मी!'. त्यात मुलांनो, स्पेलिंग मजेशीर असतं, अशा अर्थाची एक बोललेली ओळ होती. तिची इतकी टिंगल झाली, की अल्बम बाजारात आला तेव्हा ती गुपचूप कापलेली होती. याच अल्बममध्ये 'क्रूएल समर' पण होतं. तेव्हा ते सिंगल म्हणून, म्हणजे रेडिओसाठी वेगळं काढलेलं गाणं म्हणून, आलंच नाही. पुढे कोविडची साथ आली, दौरा रद्द झाला. 2023 मध्ये तिची 'इराज टूर' ही जलशांची फेरी सुरू झाली तेव्हा हे गाणं कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला ठेवलं गेलं, स्टेडियमच्या स्टेडियम ते ओरडून गाऊ लागली, जूनमध्ये ते सिंगल झालं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 च्या, म्हणजे अमेरिकेतल्या गाजत्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीच्या, पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. जन्मानंतर चार वर्षांनी! आज 'लव्हर' म्हटलं की लोकांना 'क्रूएल समर' आठवतं. ती स्पेलिंगची ओळ सोयीस्करपणे विसरली गेली.

'ऑल टू वेल'ची कहाणी याहून नाट्यमय आहे. 2012 च्या 'रेड'मधलं हे पाचवं गाणं. दौऱ्याच्या तालमीत स्विफ्ट सुचेल तसं गात सुटली आणि त्याचं भलंमोठं गाणं झालं. मग लिझ रोझ या सहलेखिकेबरोबर बसून ते छाटलं. सिंगल म्हणून ते कधीच काढलं नव्हतं आणि हॉट 100 वर ते फार तर ऐंशीव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण चाहत्यांनी ते सोडलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचं दहा मिनिटांचं रूप आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. इतकं लांब गाणं त्याआधी त्या जागेवर कधी पोहोचलं नव्हतं. 'रेड'लाही आला तेव्हा 'धड कंट्री नाही, धड पॉप नाही' असं ऐकून घ्यावं लागलं होतं. 2020 मध्ये 'रोलिंग स्टोन'ने सर्वकालीन 500 अल्बमच्या यादीत त्याला 99 वा क्रमांक दिला.

## म्हणजे तक्रार करणारे नुसते आठवणीत रमलेत?

नाही. आणि हे असं म्हणणं मला पळवाट वाटते. "तुला फक्त जुन्या दिवसांची आठवण येते आहे" असं म्हटलं, की समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं कामच उरत नाही. नव्या आणि जुन्या अल्बममध्ये कानाला कळणारे, बोट ठेवून दाखवता येतील असे फरक असतात.

'फोकलोर' कसा तयार झाला बघा. टाळेबंदीत ॲरन डेसनर हा प्रोड्यूसर आपल्या घरी वाद्यसंगीताचे तुकडे तयार करायचा आणि स्विफ्टला पाठवायचा. तीच ती सुरावट संथपणे फिरत राहणारे, मध्ये भरपूर मोकळी जागा असलेले तुकडे. त्यावर ती शब्द आणि चाल रचायची. अशा संगीतात लांबलचक वाक्यं मावतात, पात्रं मावतात. एकाच प्रेम-त्रिकोणाची गोष्ट तीन गाण्यांत तीन बाजूंनी सांगता येते, आणि तिने ती सांगितली.

'शोगर्ल'चे प्रोड्यूसर आहेत मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक, दोघेही स्वीडनचे. '1989'मधली सर्वांत गाजलेली गाणी याच जोडीबरोबर झाली होती. मार्टिनची शिस्त उलट बाजूने चालते: आधी चाल, आणि चालीच्या मापात बसतील तेवढीच अक्षरं. एक अक्षर वाढलं तरी त्याला खटकतं, अशी त्याची ख्याती आहे. या पद्धतीत गाणं एका ऐकण्यात डोक्यात घर करतं, पण शब्द काटकसरीने वापरावे लागतात. मग 'फोकलोर' पंथाच्या माणसाला लिखाण उथळ वाटणारच. गंमत म्हणजे '1989' पंथाचेही यंदा पूर्ण खूश नाहीत. जुनी जोडी परत आली म्हटल्यावर त्यांना दणदणीत नाचगाणी हवी होती, हाती आली ती बरीचशी मध्यम लयीची गाणी.

एक गाणं जवळून बघू. स्विफ्टच्या अल्बममध्ये पाचवं गाणं सर्वांत हळवं, मनातलं खोलवरचं सांगणारं असतं, अशी चाहत्यांची समजूत आहे आणि तिनेही ती पुढे जपली. 'ऑल टू वेल' पाचवंच. 'शोगर्ल'वर त्या जागी आहे 'एल्डेस्ट डॉटर'. संथ पियानो सुरू होतो, काळीज हातात धरून माणूस बसतो, आणि कानावर येतात मीम्स, ट्रोलिंग, सॅव्हेज असे इंटरनेटवरचे शब्द. अनेकांना तिथेच हसू फुटलं. बचाव करणाऱ्यांचं म्हणणं असं, की ते शब्द मुद्दामच ओढूनताणून आणलेत: गाणारी मुलगी बेफिकीर असल्याचा आव आणते, तिला तो जमत नाही, आणि न जमणं हाच गाण्याचा विषय आहे. मला हा बचाव पटतो, पण अर्धाच. कल्पना चांगली आहे, पण ती नंतर समजावून सांगावी लागते, आणि 'ऑल टू वेल'मधला, प्रियकराच्या बहिणीच्या घरी विसरलेला स्कार्फ कोणालाही समजावून सांगावा लागला नव्हता. तुमचं मत वेगळं असेल, पण निदान आता आपण गाण्याबद्दल बोलतो आहोत, एकमेकांच्या वयाबद्दल नाही.

## चाहत्यांवर झालेला एक आयता प्रयोग

सवय आणि गुणवत्ता वेगळी काढायची कशी? स्विफ्टच्या बाबतीत हा प्रयोग योगायोगाने होऊन गेला. 2019 मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी, तिच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याच्या हातात गेली. तिने तोडगा काढला: तेच अल्बम नव्याने गाऊन 'टेलर्स व्हर्जन' म्हणून काढायचे. 2021 ते 2023 या काळात असे चार आले. गाणी तीच, शब्द तेच, चाल तीच, गाणारी तीच.

तरीही भांडणं झालीच. नव्या '1989'मध्ये 'स्टाइल' गाण्याच्या सुरुवातीची गिटार जुन्यासारखी कडक वाजत नाही, अशी तक्रार कितीतरी जणांनी केली. म्हणजे चाहत्यांच्या कानात गाणं नव्हतं, एक ठरावीक ध्वनिमुद्रण बसलं होतं, त्यातल्या श्वासासकट. यात सवयीचा वाटा उघड आहे. पण '1989'च्या या नव्या आवृत्तीत मार्टिनचा हात नव्हता, हेही खरं, आणि तो फरक काल्पनिक नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सवय किती आणि कसब किती, हे टक्क्यांत सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

## "चाळीस लाख प्रती खपल्या, अजून काय हवं?"

हा या वादातला सगळ्यात मोठा हातोडा. 'शोगर्ल'ने अमेरिकेत पहिल्या आठवड्यात 40 लाख 2 हजार युनिट्स केली. ब्रिटिश गायिका ॲडेलच्या '25' या अल्बमचा 2015 चा 34 लाख 82 हजारांचा विक्रम मोडला. आकडा खरा आहे, फक्त तो काय मोजतो ते बघायला हवं.

युनिट म्हणजे माणूस नव्हे आणि प्रतही नव्हे. एक अल्बम विकत घेतला तर एक युनिट. ऑक्टोबर 2025 मध्ये लागू असलेल्या बिलबोर्डच्या नियमानुसार, ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या, पैसे भरून घेतलेल्या सेवेवर अल्बममधली गाणी 1,250 वेळा वाजली तरी एक युनिट, आणि जाहिरातींसह फुकट ऐकली तर 3,750 वेळा. बारा गाण्यांचा 'शोगर्ल' एखाद्या मुलीने शंभराहून जास्त वेळा आरंभापासून अंतापर्यंत ऐकला, तेव्हा कुठे तिच्या नावे एक युनिट जमा होत होतं. सीडी विकत घेऊन कपाटात तशीच ठेवली तरीही एकच. आणि या अल्बमची तीसहून अधिक रूपं बाजारात होती: वेगळं मुखपृष्ठ, वेगळ्या रंगाची रेकॉर्ड, एखादं जादा ध्वनिमुद्रण. त्यातली चार घेणारा चाहता चार माणसांइतका मोजला जातो.

याच हिशेबात दुसरी एक गोम आहे. गाणी जास्त असतील तर युनिट लवकर भरतं. 2024 चा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' मध्यरात्री 16 गाण्यांचा आला आणि दोन तासांत 31 चा झाला. त्याच नियमाने तो चाळीसेक वेळा ऐकला की एक युनिट. अल्बम लांबले की "कोणी कात्री लावा रे" ही ओरड वाढते, त्यामागे हे गणितही आहे. 'शोगर्ल' बारा गाण्यांवर थांबला, तो मात्र या लोभात पडला नाही, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

जुन्या आकड्यांशी तुलना तर आणखी फसवी. '1989'चे पहिल्या आठवड्यातले 12 लाख 87 हजार म्हणजे खरोखर विकल्या गेलेल्या प्रती. ऐकण्याचा हिशेब बिलबोर्डच्या अल्बम यादीत धरायला सुरुवातच मुळी डिसेंबर 2014 मध्ये झाली, तो अल्बम येऊन गेल्यावर. आणि ज्याच्या नावाने आज गळे काढले जातात तो 'फोकलोर'? पहिल्या आठवड्यात 8 लाख 46 हजार, 'शोगर्ल'च्या जेमतेम पंचमांश. खपावरून दर्जा ठरवायचा म्हटला, तर 'फोकलोर' तिच्या मामुली अल्बमांत गणावा लागेल. असं म्हणायला 'शोगर्ल'चे कट्टर समर्थकही धजणार नाहीत.

## मग समीक्षकांचं ऐकावं का?

ऐकावं, पण निकाल म्हणून नाही. 'रोलिंग स्टोन'ने 'शोगर्ल'ला पाचपैकी पाच तारे दिले, 'गार्डियन'ने दोन. एकाच अल्बमवर, जवळपास एकाच वेळी. दोघांनाही चाहत्यांइतकीच घाई होती. समीक्षकाचा खरा उपयोग तो काय ऐकतो आहे ते कळण्यासाठी. तारे मोजू नका, परिच्छेद वाचा.

## "तिने बदलूच नये का?"

हा आक्षेप थोडा चुकीच्या पत्त्यावर जातो. स्विफ्टच्या चाहत्यांना बदलाचं वावडं असतं, तर ते कंट्रीतून पॉपमध्ये आणि तिथून 'फोकलोर'च्या रानात तिच्या मागे गेलेच नसते. 'शोगर्ल'बद्दलची बरीचशी कुरकुर उलट दिशेची आहे: जुनी जोडी, ओळखीचा आवाज, मग नवं काय? "बदलू नकोस" म्हणणारे आणि "बदलली का नाहीस" म्हणणारे एकाच बाजूला उभे असल्यासारखे दिसतात, म्हणून वाद जास्तच गढूळ होतो. एखादा चाहता चिडलेला दिसला तर तो या दोघांपैकी कोण, हे आधी विचारून घ्यावं.

राहिली स्विफ्ट स्वतः. जुनं बरं की नवं, यावर तिचंही एक मत नोंदलेलं आहे. 'रेप्युटेशन' आला तेव्हा त्याची पुष्कळ चेष्टा झाली. ग्रॅमीच्या मुख्य विभागांत त्याला एकही नामांकन मिळालं नाही, आणि ती बातमी फोनवर ऐकल्यावर याहून चांगला अल्बम करायला हवा, असं ती म्हणाली. तो क्षण तिच्यावरच्या माहितीपटात दिसतो. पुढे 30 मे 2025 ला तिने सगळे मास्टर्स विकत घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात ज्याची सर्वाधिक वाट बघितली जात होती त्या 'रेप्युटेशन'च्या नव्या आवृत्तीबद्दलही सांगितलं. तिचं चतुर्थांश कामसुद्धा झालेलं नव्हतं. पहिल्या सहा अल्बमपैकी हा एकच असा, की जो पुन्हा करून अधिक चांगला होईल असं तिला वाटेना. 2017 मध्ये ज्यांनी त्याची टर उडवली होती, त्यांतले काही जण एव्हाना त्याच नव्या आवृत्तीची तारीख ओळखण्यासाठी तिच्या कपड्यांवरच्या सापांची, म्हणजे 'रेप्युटेशन'च्या खुणेची, चित्रं मोजत होते.